आतड्यातील जीवाणू आणि रेशनचे दुकान

जालना जिल्ह्यात लठ्ठपणाचा विषय काढणे ही पुष्कळांना क्रूर थट्टा वाटेल. वरचेवर पडणारा दुष्काळ, उन्हाळ्यात वाड्या-तांड्यांवर फिरणारे पाण्याचे टँकर, दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडणाऱ्या टोळ्या आणि अंगणवाडीच्या काट्यावर कमी भरणारी मुले ही ज्या जिल्ह्याची ओळख, तेथे पोट भरलेल्यांच्या व्याधीची उठाठेव कशासाठी, असे कोणीही विचारील. परंतु हा प्रश्न ज्या समजुतीवर उभा आहे ती समजूतच आता टिकणारी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील २४ टक्के स्त्रिया प्रमाणाबाहेर वजनाच्या आढळल्या, तर १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश. २०१५-१६ च्या पाहणीत हेच आकडे अनुक्रमे २०.६ आणि २२.९ असे होते. म्हणजे या दोन पाहण्यांच्या दरम्यान केव्हातरी भारतात स्थूल स्त्रियांची संख्या कृश स्त्रियांच्या पुढे गेली आणि एवढे मोठे संक्रमण राजकीय चर्चेत जवळजवळ अलक्षित राहिले. त्याच पाहणीत पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. स्थूल आई आणि खुजे मूल एकाच छपराखाली राहतात, एकाच तव्यावरचे खातात. हे कोडे उलगडल्याशिवाय भुकेचे राजकारण यापुढे करता येणार नाही.

वजनाचा काटाही पुरते सांगत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांमधल्या गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. पुण्याकडची बालके स्नायूंनी व हाडांनी खुजी. परंतु त्यांच्या अंगावरील मेद त्या मानाने घटलेला नव्हता. दिसायला बारीक आणि आतून मेदयुक्त अशी ही भारतीय काया आईच्या गर्भातच आकार घेऊ लागते. कष्टकरी बाईचे मूल कृश जन्मते आणि चाळिशीत मधुमेही होते, यात तिच्या किंवा त्याच्या खादाडपणाचा संबंध कोठे येतो?

तरीही समाजाचा निवाडा ठरलेला आहे. लठ्ठ माणूस आळशी असतो, त्याला जिभेवर ताबा नसतो, त्याने पहाटे उठून चालावे म्हणजे सर्व ठीक होईल. हा निवाडा करणारा वर्ग बहुधा तोच असतो, जो गरीब माणूस आळशी आहे म्हणून गरीब राहिला असेही तितक्याच खात्रीने सांगतो. दोन्ही ठिकाणी युक्तिवाद एकच: व्यवस्थेने निर्माण केलेली स्थिती व्यक्तीच्या चारित्र्याच्या खात्यावर मांडायची आणि हिशोब बंद करायचा.

या निवाड्याला गेल्या वीस वर्षांत सर्वांत मोठा धक्का बसला तो समाजशास्त्राकडून नव्हे, जीवाणुशास्त्राकडून. माणसाच्या शरीरात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, जीवाणूंची एक प्रचंड वस्ती असते. २०१६ साली केलेल्या एका काटेकोर अंदाजानुसार त्यांची संख्या सुमारे ३८ लाख कोटी भरते. खुद्द माणसाच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. या सगळ्या वस्तीचे एकत्रित वजन मात्र पाव किलोच्या आतच. धान्यातील आणि डाळी-भाज्यांतील जो चोथा माणसाची पाचक द्रव्ये फोडू शकत नाहीत, तो हे जीवाणू आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी लघू आम्ले तयार करतात. ब्युटिरेटवर मोठ्या आतड्याचे अस्तर पोसते. ही आम्ले भूक, मेदसंचय आणि रक्तातील साखर यांच्या नियमनातही भाग घेतात. थोडक्यात, ही वस्ती आयतखाऊ नाही. ती आपले भाडे चुकते करते.

अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने या वस्तीचा आणि लठ्ठपणाचा संबंध प्रथम दाखविला. २००४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग साधा होता. जन्मापासून पूर्णतः निर्जंतुक वातावरणात वाढविलेल्या उंदरांना सामान्य उंदरांच्या आतड्यातील जीवाणू देण्यात आले. अवघ्या १४ दिवसांत त्यांच्या अंगावरील मेद सुमारे ६० टक्क्यांनी वाढला, आणि तोही खाणे पूर्वीपेक्षा कमी झालेले असताना! २००६ मध्ये याच गटाने लठ्ठ उंदरांचे जीवाणू निर्जंतुक उंदरांना देऊन पाहिले. सडपातळ उंदरांचे जीवाणू मिळालेल्यांपेक्षा त्यांच्या अंगावर अधिक मेद चढला. त्याच घासातून अधिक उष्मांक काढून घेण्याची शक्ती त्या जीवाणूंत होती.

तिसरा प्रयोग २०१३ मधला आणि राजकीय कार्यकर्त्याने नीट समजून घ्यावा असा. एक स्थूल व एक सडपातळ अशा जुळ्या बहिणींचे जीवाणू वेगवेगळ्या उंदरांत सोडण्यात आले. स्थूल बहिणीचे जीवाणू मिळालेले उंदीर मेदाने वाढले, दुसरे वाढले नाहीत. मग दोन्ही प्रकारचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले. उंदीर परस्परांची विष्ठा खातात, त्यामुळे सडपातळ बहिणीचे जीवाणू दुसऱ्या उंदरांच्या आतड्यात जाऊन स्थिरावले आणि त्यांचे मेद वाढणे थांबले. परंतु हे घडले ते चोथ्याने समृद्ध, कमी स्निग्ध आहार दिला तेव्हाच. फळे-भाज्या अत्यल्प आणि संपृक्त स्निग्धांश भरपूर असलेला आहार दिला, तेव्हा तेच उपकारक जीवाणू पिंजऱ्यात हजर असूनही आतड्यात मूळ धरू शकले नाहीत. वस्तीला शिधा मिळाला तर ती टिकते, नाही तर उठते. या एका निष्कर्षात विषयाचे सगळे अर्थकारण सामावलेले आहे.

उंदरावरून एकदम माणसावर उडी मारणाऱ्यांपासून मात्र सावध राहिले पाहिजे. जीवाणूंच्या दोन मोठ्या कुळांचे प्रमाण पाहून लठ्ठपणा ओळखता येतो ही आरंभीची कल्पना पुढच्या संकलित अभ्यासांत टिकली नाही. सडपातळ माणसांचे जीवाणू कॅप्सूलमधून स्थूल माणसांना देऊन पाहण्यात आले. वजनात म्हणण्यासारखी घट झाली नाही. जीवाणू हे लठ्ठपणाच्या अनेक कारणांतील एक कारण आहे. ते अन्नापासून, औषधांपासून, जन्मापासून, श्रमापासून सुटे काढून बाटलीत भरता येत नाही, एवढे आजचे विज्ञान खात्रीने सांगते.

निर्जंतुक उंदराने अर्थशास्त्रज्ञांपुढेही एक जुना वाद पुन्हा आणून ठेवला आहे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरील आपला प्रसिद्ध प्रबंध लिहिला, तेव्हा माणशी रोज २२५० कॅलरी हा पुरेशा अन्नाचा मापदंड धरला. १९७९ च्या नियोजन मंडळाच्या कृतिगटाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरी भागासाठी २१०० कॅलरी धरून दारिद्र्यरेषा आखली. पुण्यातच वास्तव्य करणारे, जागतिक अन्न व शेती संघटनेत आयुष्याची उमेदीची वर्षे घालविलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी या हिशोबाला हरकत घेतली. एकाच माणसाची गरज दिवसागणिक कमीअधिक होते, शरीर मिळेल त्या अन्नाशी काही मर्यादेत जुळवून घेते, म्हणून सरासरीखाली खाणारा प्रत्येक जण कुपोषित ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे. पोटाचे संसर्ग अन्न अंगी लागू देत नाहीत, तेव्हा स्वच्छ पाणी व मलनिस्सारण हेही पोषणच, हा त्यांचा दुसरा मुद्दा. दांडेकरांनी १९८१ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये त्यांचा परखड प्रतिवाद केला. उपाशी माणूस आपल्या उपासाशी जुळवून घेतो, हे त्याच्या उपासाचे समर्थन होऊ शकत नाही.

त्याच १९८१ च्या १ मे रोजी औरंगाबादपासून वेगळा होऊन जालना जिल्हा अस्तित्वात आला. परभणीचा परतूर तालुका त्यात आला. जिल्ह्याच्या जन्मवर्षीचा तो वाद आज आतड्यातील जीवाणूंच्या निमित्ताने नव्या वेषात परत येणार आहे. तोंडात गेलेली कॅलरी आणि अंगी लागलेली कॅलरी एक नव्हे, हे सुखात्म्यांचे म्हणणे उंदराने एका अर्थी खरे करून दाखविले; आतड्याकडे लक्ष वेधण्यात ते काळाच्या पुढे होते, हे मान्य करायला हवे. परंतु दांडेकरांनी दाखविलेला धोकाही तितकाच खरा आहे. उद्या एखादा सल्लागार गरिबांच्या आतड्यातील जीवाणू थोड्या अन्नातूनही पुरेशी शक्ती काढतात असे सांगून शिध्याला कात्री लावण्याची शिफारस करील. दुसरा एखादा कुपोषण ही धान्याची नव्हे, जीवाणूंची समस्या आहे असे सांगून पुडी विकायला बसेल. या दोघांनाही उत्तर द्यायचे तर जीवाणू काय खातात, आणि ते कोण ठरवतो, हे पाहावे लागते.

२०१० साली इटालियन संशोधकांनी पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशातील बुल्पाँ नावाच्या खेड्यातील मुलांची फ्लॉरेन्स शहरातील मुलांशी तुलना केली. खेड्यातील मुलांच्या आतड्यात चोथा फोडणाऱ्या जीवाणूंची रेलचेल होती आणि उपकारक लघू आम्ले कितीतरी अधिक होती. ती मुले काय खात होती? बाजरी, ज्वारी, चवळी आणि स्थानिक भाजीपाला. भोकरदन किंवा मंठा तालुक्यातील कोणत्याही वृद्धेला हे ताट ओळखू येईल. २०१९ साली भोपाळ आणि केरळ येथील लोकांच्या तपासणीतही, विशेषतः भोपाळच्या धान्याहारी लोकांत, 'प्रिव्होटेला' या चोथाभक्षक जीवाणूचे प्राबल्य दिसून आले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय आतड्यांचा अभ्यास पाश्चात्त्य नमुन्यांवरून न करता येथल्याच माणसांवर केला पाहिजे, असा आग्रह धरला व एकत्र कुटुंबांतील तीन पिढ्यांचे नमुने तपासले. बोस्टनच्या आतड्यासाठी बनविलेले औषध बदनापूरच्या आतड्याला लागू पडेलच असे नाही.

जालना सोने का पालना, असे जुने लोक म्हणत. ते व्यापारपेठेचे वर्णन होते; तरी सोन्याच्या पाळण्याभोवतीच्या शेतातून ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, करडई असे मिश्र पीक निघे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. संकरित ज्वारी-बाजरीच्या बियाण्याने देशाला नावारूपास आलेले हे गाव. नियतीचा विनोद असा की त्याच जिल्ह्याच्या खरिपातून पुढे ज्वारी जवळजवळ हद्दपार झाली. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, पाठोपाठ सोयाबीन पसरले. मोसंबीच्या बागा झाल्या, पाणी मिळाले तेथे ऊस झाला. यात शेतकऱ्याचा दोष नाही. कर्ज रोखीत फेडायचे असते आणि ज्वारीवर कर्ज फिटत नाही. हमीभाव जाहीर होतो, खरेदी केंद्र वेळेवर उघडत नाही, पाखरे आणि पाऊस दोन्ही कणसावर टपलेले असतात. सोयाबीन पिकते, पण जिल्ह्याच्या ताटात येत नाही. ते तेलगिरणीत जाते, तेल शहरात आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात किंवा परदेशी. प्रथिने पिकविणाऱ्या जिल्ह्याची मुले प्रथिनांअभावी खुजी राहतात, याहून वेगळे उदाहरण वसाहतीच्या अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकालाही लागू नये.

शेतातून जे गेले ते दुकानातून परत यावे, तर तेथे काय आहे? १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने परदेशी लाल मिलो खाल्ला, कामावर सुकडी खाल्ली. त्या वर्षी गर्भात असलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणशी दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला. तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो, असे दर कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलेले होते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत मिळते. म्हणजे ज्वारी-बाजरी कायद्यात आहे. दुकानात मात्र ती अधूनमधून, कधी खरेदी झाली आणि कोठार रिकामे करायचे असले तर येते. एरवी तांदूळ आणि गहू. डाळीचा तर या कायद्यात हक्कच नाही. २०२२ च्या दिवाळीत राज्य शासनाने शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला. त्यात प्रत्येकी एक किलो रवा, साखर व हरभरा डाळ आणि एक लिटर पामतेल होते. सणाला गोडधोड हवेच, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु चारांतील तीन जिन्नस असे की आतड्यातील जीवाणूंच्या वाट्याला त्यातून फारसे काही येऊ नये.

येथे एका भ्रमाचे निरसन केले पाहिजे, कारण तो पुरोगाम्यांतही आहे. गव्हाची पोळी हा खलनायक नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, गव्हाच्या सबंध कणकेत सुमारे ११ ग्रॅम. खरी दरी अन्यत्र आहे: पॉलिश केलेल्या तांदळात व मैद्यात तो तीन ग्रॅमच्याही खाली येतो आणि अख्ख्या हरभऱ्यात पंचवीसपर्यंत जातो. तेव्हा प्रश्न भाकरी की पोळी हा नाही. सालीसकट धान्य आणि डाळ-उसळ यांची जागा मैदा, पांढरा तांदूळ, साखर आणि स्वस्त पामतेल यांनी घेतली, हा आहे. ऊसतोडीच्या किंवा गिट्टीच्या कामावर निघालेल्या मजुराला पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा आणि गोड चहा हा सर्वांत स्वस्त, सर्वांत जलद आणि कोठेही मिळणारा उष्मांक वाटतो. आणि बाजाराच्या हिशोबाने तो खरोखर तसा असतो.

जुन्या ताटाचे गोडवे गाणाऱ्यांनाही थोडे थांबविले पाहिजे. भाकरी, उसळ आणि आंबील यांचे ताट सर्वांच्या वाट्याला कधीच सारखे नव्हते. जातीच्या उतरंडीत खाली असलेल्यांना उरलेसुरलेच मिळे, आणि जात्यावर ज्वारी दळून चुलीसमोर भाकरी थापणारे हात बायकांचे होते. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला कुकरमधला भात सोपा वाटतो, तो तिचा ऱ्हास नव्हे. तिचे श्रम न वाढविता ताट बदलायचे असेल तर ज्वारीचे तयार पीठ, डाळ आणि सामुदायिक स्वयंपाक यांची सोय समाजाने केली पाहिजे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरे झाले. 'श्रीअन्न' असे नामकरण झाले, मेजवान्या झाल्या, शहरांतील दुकानांत ज्वारीची बिस्किटे आणि नाचणीचे चिप्स आले. ज्वारी मात्र बाजारात कित्येकदा गव्हाहून महाग राहिली. गरिबाचे धान्य श्रीमंताचे पथ्य झाले की त्याची किंमत चढते, आणि गरीब ते सोडून देतो.

सोडून दिलेले परत मिळतेच असेही नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जस्टिन व एरिका सोननबर्ग यांच्या गटाने २०१६ मध्ये उंदरांच्या चार पिढ्यांना चोथ्याविना आहार दिला. पहिल्या पिढीत काही जीवाणू क्षीण झाले, पण चोथा पुन्हा सुरू करताच बरेचसे परत आले. पिढीमागून पिढी मात्र अधिकाधिक जाती नाहीशा होत गेल्या. चौथ्या पिढीपर्यंत त्या अशा लोपल्या की नुसता चोथा देऊन येईनात. हरवलेले जीवाणू बाहेरून आणून चोथ्यासह द्यावे लागले. माणसाच्या चार पिढ्या म्हणजे शंभर वर्षे. मराठवाड्यातील पहिली पिढी अजून ज्वारी खाऊन वाढलेली आहे, दुसरी आठवणीपुरती. माणसाच्या बाबतीत हे असेच घडेल असे प्रयोगशाळेतील पिंजऱ्यावरून म्हणता येत नाही. पण वाट पाहून खात्री करून घ्यावी, असा हा विषय नाही.

वस्ती उठविण्याचा दुसरा मार्ग औषधांचा. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील लेडर्ली कंपनीच्या संशोधकांना आढळले की ऑरिओमायसिन या प्रतिजैविकाच्या उत्पादनातील अवशेष खाद्यात मिसळले की कोंबडीची पिल्ले झपाट्याने वाढतात. तेव्हापासून जगभर जनावरांना, ती आजारी नसतानाही, वजन वाढावे म्हणून प्रतिजैविके चारली गेली. पशुखाद्याच्या व्यापाऱ्याला जे सत्तर वर्षांपूर्वी व्यवहारात कळले, ते न्यूयॉर्कच्या मार्टिन ब्लेझर यांच्या गटाने २०१२ मध्ये उंदरांवर दाखविले: लहान वयात अल्प मात्रेत दिलेली प्रतिजैविके आतड्यातील वस्ती बदलतात आणि मेद वाढवितात. भारत सरकारने २०१९ साली कोलिस्टिन या शेवटच्या आधाराच्या प्रतिजैविकाचा पशुपालनातील वापर बंद केला, हे योग्यच झाले. परंतु माणसांचे काय? रोजंदारीवरचा मजूर तापाने दोन दिवस घरी बसू शकत नाही. बसला तर चूल थंड होते. त्यामुळे सर्दीतापातही तो 'पॉवरफुल' गोळी मागतो आणि खासगी दवाखाना ती देतो. आजारपणाची भरपगारी रजा नसणे हेही प्रतिजैविकांच्या अतिवापराचे एक कारण आहे, हे वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही.

आता त्या खुज्या मुलाकडे वळावे. गॉर्डन यांचा गट आणि ढाक्याचे आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्र यांनी मिळून बांगलादेशातील कुपोषित मुलांच्या आतड्यांची तपासणी केली. ही वस्ती वयाच्या मानाने अपरिपक्व राहिलेली आढळली, आणि नेहमीचा तयार उपचारात्मक आहार दिल्याने ती तात्पुरतीच सुधारली. मग त्यांनी हरभऱ्याचे पीठ, शेंगदाण्याचे पीठ, सोयाबीनचे पीठ आणि कच्चे केळे यांचे मिश्रण करून ढाक्यातील मीरपूरच्या झोपडवस्तीतील सव्वाशेच्या आसपास बालकांवर तीन महिने तुलना केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या मिश्रणात प्रचलित पूरक आहारापेक्षा कॅलरी कमी होत्या, तरी मुलांची वाढ त्याने अधिक चांगली झाली.

हरभरा, शेंगदाणा, सोयाबीन. यांतील एकही जिन्नस जालना जिल्ह्याला परका नाही. दांडेकर-सुखात्मे वादातील कोडेही येथे थोडे सुटते. कॅलरी मोजणे पुरेसे नाही, हे खरे. पण त्याचा अर्थ कमी द्या असा नसून नीट द्या असा निघतो. स्थूल आईला आणि खुज्या मुलाला एकाच अन्नाची गरज आहे.

ते अन्न देण्याची यंत्रणाही अस्तित्वात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच अंगणवाडीच्या आहारपुरवठ्यात ठेकेदार नकोत, ग्रामसमुदाय, बचत गट व महिला मंडळे हवीत, असा आदेश दिला. महाराष्ट्रात मात्र बचत गटांच्या नावाखाली बड्या पुरवठादारांना वाव देणाऱ्या निविदा निघाल्या. २०१९ मध्ये त्या न्यायालयालाच रद्द कराव्या लागल्या. घरी न्यायच्या बंद पाकिटाची तऱ्हा गावोगावी ठाऊक आहे: मूल ते खात नाही, ते गुरांच्या आंबोणात जाते. गावात शिजविलेली हरभऱ्याची उसळ हा काही ठेकेदाराला नफा देणारा पदार्थ नाही, हीच त्याची खरी अडचण.

दरम्यान बाजार स्वस्थ बसलेला नाही. पोटातील 'चांगले जीवाणू' आता बाटलीत, पुडीत आणि साखर घातलेल्या दह्यात विकायला आले आहेत. काही विशिष्ट आजारांत अशा औषधांचा उपयोग होतो. वजन उतरविण्याचा त्यांचा दावा मात्र पुराव्याने फारसा उचलून धरलेला नाही, आणि २०१३ च्या प्रयोगाने त्याचे कारणही सांगून ठेवले आहे: शिधा नसेल तर पाहुणे मुक्काम करीत नाहीत. ज्याने मैदा, साखर आणि पामतेल विकून वस्ती उठविली, त्याच उद्योगाने पुढे तीच वस्ती पुडीतून परत विकावी आणि ग्राहकाने दोन्ही वेळा पैसे मोजावेत, असा हा व्यवहार आहे.

कार्यकर्त्यांनी या विषयात काय करायचे, याचे उत्तर प्रयोगशाळेत नाही. मराठवाड्यातील आणि विदर्भातील चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत, जालन्यासह, केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून मिळणारे स्वस्त धान्य २०२३ मध्ये बंद होऊन त्याऐवजी माणशी दरमहा दीडशे रुपये रोख देण्याचे ठरले. दीडशे रुपयांत बाजारातून पाच किलो ज्वारी येत नाही, आणि रोख रक्कम चोथ्याच्या दिशेने जाईल याची कसलीही हमी नाही. ही मागणी पहिली: रोख नको, ज्वारी द्या, आणि ती जिल्ह्याच्या शेतातून हमीभावाने खरेदी करून द्या, म्हणजे शेतकरी आणि खाणारा दोघांचाही त्यात लाभ आहे. दुसरी, माणशी एक किलो डाळ कायद्यात घाला. तिसरी, अंगणवाडीत आणि शाळेत स्थानिक हरभरा-शेंगदाणा-सोयाबीन शिजवून द्या, आणि शिजविणाऱ्या बाईला मानधन नव्हे, वेतन द्या.

अन्न सुरक्षा कायद्याने राज्य, जिल्हा, तालुका आणि प्रत्येक रास्तभाव दुकान अशा चार पातळ्यांवर दक्षता समित्या नेमणे बंधनकारक केले आहे. पुष्कळ गावांत त्या कागदावर आहेत, सदस्यांनाही आपण सदस्य असल्याचा पत्ता नसतो. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, जाफराबाद, भोकरदन, बदनापूर आणि जालना या आठही तालुक्यांत गावागावांतील समितीच्या सदस्यांची यादी मागावी, सभा बोलवावी, आणि गेल्या बारा महिन्यांत या दुकानात ज्वारी किती वेळा आली आणि किती किलो आली, हा पहिला प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.